निर्वासित पालक आणि दूर राहिलेली मुलं : कायदा नेमकी काय मदत करतो?



नागरिकशास्त्र शिकवताना 'निर्वासित' हा शब्द येतो. मुलं व्याख्या लिहून घेतात आणि पाठ पुढे सरकतो. पण या माणसांच्या मुलांचं काय होतं? ती सोबत असतात का?

बरेचदा नसतात. पैसे एकाच्याच प्रवासापुरते असतात, वाट धोक्याची असते. म्हणून वडील किंवा आई पुढे जाते आणि मुलं आजीकडे, मावशीकडे राहतात. कधी उलटंही होतं, सोळा-सतरा वर्षांचं पोर एकटंच निघतं. परदेशात आश्रय मिळाल्यावर ताटातूट झालेल्यांना कायद्याच्या मार्गाने एकत्र आणणं म्हणजे 'कुटुंब पुनर्मीलन'. युरोपात याचे लेखी नियम आणि कोर्टाचे निकाल आहेत, म्हणून तिथली उदाहरणं घेऊन समजून घेऊ.

नियम काय आहेत?

निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या कराराच्या कलमांत कुटुंब एकत्र आणण्याचा हक्क लिहिलेला नाही. तो करार करणाऱ्या परिषदेने फक्त तशी शिफारस केली. १९८९ च्या बालहक्क संहितेचं कलम १० मात्र सांगतं, की असे अर्ज सकारात्मकपणे, माणुसकीने आणि लवकर हाताळावेत. भारतानेही ही संहिता १९९२ मध्ये स्वीकारली आहे.

युरोपीय संघाने २००३ मध्ये याबद्दल एक निर्देश काढला. कुटुंबाला बोलावणाऱ्या इतर परदेशी माणसाकडे घर, विमा आणि पुरेसं उत्पन्न यांचा पुरावा मागता येतो. निर्वासिताला आपल्या जोडीदारासाठी आणि अल्पवयीन मुलांसाठी यातून सूट आहे. पण सूट हवी असेल तर दर्जा मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत अर्ज करा, अशी अट देश घालू शकतात. खरी मेख इथेच आहे.

पहिली अडचण : तारीख

नवा देश, भाषा येत नाही, राहायला छावणी. अशा माणसाला सरकारी पत्रातली मुदत कोण समजावणार? म्हणून वकिलाचं किंवा सल्लागाराचं पहिलं काम म्हणजे तीन महिन्यांच्या आत नोंद करून ठेवणं. जर्मनीत मुदत वाचवण्यासाठी आधी नुसती सूचना नोंदवता येते, पूर्ण अर्ज नंतर केला तरी चालतो.

दुसरी तारीख अठराव्या वाढदिवसाची. इरिट्रियाच्या एका मुलीने फेब्रुवारी २०१४ मध्ये नेदरलँड्समध्ये आश्रय मागितला. जूनमध्ये ती अठरा वर्षांची झाली, ऑक्टोबरमध्ये आश्रय मिळाला. मग तिने आईवडिलांना आणि लहान भावांना बोलावण्यासाठी अर्ज केला. उत्तर आलं : तू आता सज्ञान आहेस. प्रकरण युरोपीय संघाच्या न्यायालयात गेलं. १२ एप्रिल २०१८ ला निकाल लागला, की आश्रय मागितला त्या दिवशीचं वय धरायचं. कारण तसं नसेल, तर सरकारने जितका उशीर करावा तितका मुलांचा हक्क कमी होत जाईल. १ ऑगस्ट २०२२ ला हेच तत्त्व उलट बाजूलाही लागू झालं. वडील सीरियाचे, आश्रय जर्मनीत, मुलगी तुर्कस्तानात. वडिलांनी आश्रय मागितला तेव्हा ती अल्पवयीन होती, हे महत्त्वाचं ठरलं.

दुसरी अडचण : कागद

जन्मदाखला कुठून आणायचा? ज्या सरकारपासून पळालो त्याच्याच कचेरीत जायचं? निर्देश स्पष्ट सांगतो, की केवळ कागद नाहीत एवढ्यावरून अर्ज फेटाळता येत नाही, इतर पुरावाही पाहावा लागतो. अशा वेळी जुने फोटो, पैसे पाठवल्याच्या पावत्या, फोनवरचे संदेश, शाळेची नोंद हे सगळं कामाला येतं. कधी डीएनए चाचणी होते. पण ती फक्त रक्ताचं नातं सांगते. आईबाप गेल्यावर आत्याने वाढवलेल्या मुलाचं नातं तिच्यातून सिद्ध होत नाही.

तिसरी अडचण : वकिलातीपर्यंत पोहोचणं

एका सीरियन निर्वासिताची पत्नी आणि दोन मुलं उत्तर सीरियातल्या अफ्रिन शहरात अडकली होती. वकिलामार्फत त्यांनी बेल्जियमकडे अर्ज पाठवला. पण अर्ज वकिलातीत स्वतः येऊन द्या, असं सांगण्यात आलं. युद्धातून सरहद्द ओलांडायची कशी? १८ एप्रिल २०२३ ला न्यायालयाने म्हटलं, की येणं अशक्य किंवा फारच कठीण असेल तिथे अशी सक्ती करता येणार नाही. बोटांचे ठसे वगैरे पुढच्या टप्प्यावर घेता येतील.

मदत कोण करतं? आणि कुठे अडतं?

हरवलेल्या नातलगांचा शोध रेडक्रॉस घेते. पासपोर्ट नसलेल्यांना ती तात्पुरता प्रवास-कागदही देते. पण अर्ज लिहिणं, मुदत सांभाळणं, अपील करणं हे वकिलाचंच काम, आणि वकील फुकट मिळेलच असं नाही. इंग्लंड-वेल्समध्ये २०१२ च्या कायद्याने ही प्रकरणं नेहमीच्या सरकारी विधी-साहाय्यातून वगळली. आता अपवाद म्हणून वेगळा अर्ज करावा लागतो.

शिवाय सगळ्यांना एकच दर्जा मिळत नाही. एकाच युद्धातून आलेल्या दोघांपैकी एकाला 'निर्वासित' म्हणतात, दुसऱ्याला दुय्यम संरक्षण मिळतं. जर्मनीने या दुसऱ्या गटाचं पुनर्मीलन २०१६ मध्ये थांबवलं, ऑगस्ट २०१८ पासून महिन्याला १,००० व्हिसांपुरतं सुरू केलं आणि जुलै २०२५ मध्ये पुन्हा दोन वर्षांसाठी थांबवलं. दोन वर्षांत सोळाचं मूल अठराचं होतं, हे लक्षात घ्या.

वर्गात काय घेता येईल?

पहिलीच्या प्रवेशाला वय कोणत्या तारखेला मोजायचं, हा प्रश्न आपल्या ओळखीचा आहे. आठवी-नववीच्या मुलांना इरिट्रियाच्या मुलीच्या तारखा फळ्यावर लिहून द्या आणि विचारा : वय कोणत्या दिवशीचं धरायचं, आणि का? आधी निकाल सांगू नका. मुलांना वाद घालू द्या.

आणि आपल्यासाठी एक गोष्ट. हजेरीपट, दाखला, पालकांचं नाव असलेलं प्रगतिपुस्तक हे आपल्याला रोजचं कारकुनी काम वाटतं. घर जळालेल्या कुटुंबाकडे कधी कधी 'हे मूल आमचं' असं सांगणारा तेवढाच कागद उरतो. नाव आणि जन्मतारीख लिहिताना म्हणूनच घाई करू नये.