खेळ अडखळतो तेव्हा : कारणाचा शोध कसा घ्यावा

मागच्या व्याख्यानात आपण कार्य आणि कारण यांचा संबंध पाहिला. आज त्याचा एक अगदी घरगुती उपयोग पाहू. ऑनलाइन खेळ अडखळायला लागला तर कारण शोधायचं कसं? काहींना वाटेल, हा काय विषय झाला! पण बघा, बारावीतला मुलगा म्हणतो, ‘नवा लॅपटॉप घ्या.’ वडील म्हणतात, ‘आधी हा नाद सोड.’ इंटरनेटवाला म्हणतो, ‘महागडा प्लॅन घ्या.’ तिघांचाही निकाल तयार आहे, तपास मात्र कुणीच केलेला नाही. पैसे जातात ते जातात, शिवाय घरात अबोला धरला जातो तो वेगळाच.

उदाहरणासाठी ‘काउंटर-स्ट्राइक २’ हा खेळ घेऊ. सप्टेंबर २०२३ मध्ये तो आला आणि आपल्याकडेही पुष्कळ मुलं तो खेळतात.

पहिली पायरी शब्दांची. मुलं सरसकट ‘लॅग होतंय’ म्हणतात. या एका शब्दात तीन वेगळ्या तक्रारी दडलेल्या असतात. पहिली, चित्र सतत संथ चालतं. दुसरी, एरवी छान चालतं, पण मध्येच गचका बसतो. तिसरी, चित्र सुरळीत असतं, पण आपण धावत पुढे गेलो की खेळ आपल्याला ओढून मागे आणतो, किंवा गोळी झाडल्याचा परिणाम उशिरा दिसतो. पहिल्या दोन तक्रारी बहुधा आपल्या यंत्राच्या, तिसरी बहुधा जाळ्याची. ‘बहुधा’ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे.

दुसऱ्या तक्रारीत सरासरी आपल्याला फसवते. सेकंदाला ६० चित्रं, म्हणजे फ्रेम, उमटत असतील तर प्रत्येकीच्या वाट्याला सुमारे १६.७ मिलिसेकंद येतात. आता समजा, एकच फ्रेम २०० मिलिसेकंद रेंगाळली आणि बाकीच्या ५९ उरलेल्या ८०० मिलिसेकंदांत उमटल्या. सरासरी साठच! आकडा म्हणतो सगळं ठीक, डोळा म्हणतो गचका बसला. इथे डोळा खरा. म्हणून सरासरी न बघता प्रत्येक फ्रेमला लागलेला वेळ बघायचा. या खेळाच्या सेटिंगमध्ये टेलिमेट्री नावाचा भाग आहे. फ्रेमचा वेळ, पिंग आणि वाटेत हरवलेली माहिती, हे सगळं तिथून पडद्यावर आणता येतं.

आता तपास. जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८४३ च्या आपल्या तर्कशास्त्राच्या ग्रंथात कारण शोधण्याच्या पद्धती मांडल्या. आपल्याकडे नैयायिकांनी अन्वय आणि व्यतिरेक सांगितले, त्यांचा गाभाही जवळचाच. एक असताना दुसरं असतं, आणि ते नसताना दुसरंही नसतं, तर संबंधाला आधार मिळतो.

व्यतिरेक लावू. इंटरनेट बंद ठेवून, आपल्याच संगणकावर, बॉट्सबरोबर खेळायचं. गचके तरीही आले, तर या गचक्यांपुरतं इंटरनेट निर्दोष सुटलं. पण गचके थांबले तर? लगेच इंटरनेट दोषी म्हणायचं नाही. खऱ्या सामन्यात दहा खेळाडू, धूर, स्फोट असतात, यंत्रावरचा भारही वेगळा असतो. म्हणजे संशय वाढला, गुन्हा सिद्ध नाही झाला. मग वायफाय सोडून राउटरला वायर जोडायची आणि तसाच सामना पुन्हा खेळायचा. वायरीने फरक पडला, तर कंपनीची लाइन नव्हे, घरातली भिंत किंवा शेजाऱ्यांच्या वायफायची गर्दी तपासायला हवी. प्लॅन बदलून भिंत हलत नाही!

अंतराचंही गणित आहे. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते सिंगापूर सरळ रेषेत साधारण ३,९०० किलोमीटर. जाऊन-येऊन ३९ मिलिसेकंद लागणारच, कितीही पैसे मोजा. मात्र स्थिर पिंग गचके देत नाही, पिंगमधली चढउतार देते.

दोष यंत्राचा ठरला, तर ‘कधी’ हा प्रश्न विचारायचा. पहिली पंधरा मिनिटं छान आणि मग गचके? उष्णता. तापलेला प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. लॅपटॉप गादीवर ठेवला असेल तर टेबलावर ठेवा, जाळीतली धूळ काढा. नव्या नकाशावर पहिल्यांदाच, किंवा ड्रायव्हर बदलल्यावर काही वेळच? मग शेडर, म्हणजे ग्राफिक्स कार्डासाठीचे छोटे प्रोग्राम, तयार होत असावेत. थोडं खेळलं की हा त्रास आपसूक ओसरतो. ब्राउझर उघडा असतानाच? आठ जीबी रॅम भरली की संगणक डिस्कचा आधार घेतो, आणि डिस्क तुलनेने फार मंद. चार्जर काढल्यावरच? बॅटरीवर पुष्कळ लॅपटॉप हात राखून चालतात. एक वाढलं की दुसरं वाढतं, हे पाहणं म्हणजे मिल यांची सहपरिवर्तनाची पद्धत.

नियम एकच: एका वेळी एकच बदल. तो दोन-तीनदा पारखायचा, फरक नसेल तर मागे घ्यायचा. दहा सेटिंग एकदम बदलली आणि खेळ सुधारला, तर काय कळलं? काहीच नाही. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली. आणखी एक अडचण लक्षात ठेवू. कारणं दोन असतील, तर एक दूर करूनही गचके उरतात, आणि आपण खऱ्या कारणालाच निर्दोष ठरवतो. म्हणून प्रत्येक वेळी गचके मोजून वहीत लिहायचे. दहाचे सहा झाले, तर तेही उत्तरच आहे.

एवढं करून कदाचित नवा लॅपटॉप घ्यावाही लागेल. हरकत नाही. पण मग मुलाजवळ हट्ट नसेल, वही असेल, आणि वडिलांना ती वाचून ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणता येईल. घरातल्या भांडणात आपण माणसांवर ठपका ठेवतो, कारण कारणावर ठेवायचा कंटाळा करतो. तो कंटाळा टाकण्याची सवय खेळातून लागली, तर खेळ वाया गेला असं आपल्याला म्हणता येणार नाही.

पुढच्या व्याख्यानात योगायोग या विषयाकडे वळू.