नाताळच्या दुपारी पटावरचा जमीनदार

इंग्लंडात २५ डिसेंबरला सगळे ठप्प असते. आगगाड्या बंद, लंडनची भुयारी रेल्वे बंद. २००४ साली तिथे खास कायदा झाला. इंग्लंड आणि वेल्समधल्या २८० चौरस मीटरपेक्षा मोठ्या दुकानांना नाताळच्या दिवशी दार उघडायला त्याने मनाई केली. दुकानात उभे राहून पाय मोडणाऱ्या कामगाराला एक दिवस तरी घरच्यांबरोबर जेवता यावे, म्हणून कामगार संघटनेने तो रेटला होता. कायदा चांगलाच आहे. पण त्या दिवशी घरात अडकलेल्या चौदा-पंधरा वर्षांच्या पोराने करायचे काय? दुपारी चारच्या सुमारास अंधार पडतो. धाकटी भावंडे नव्या खेळण्यांत दंग, मोठी माणसे जेवून सुस्तावलेली. मधल्या वयाचे हे पोर कोपऱ्यात फोन घेऊन बसते आणि संध्याकाळपर्यंत घरात एक तरी भांडण होते. विलायतेत स्थायिक झालेल्या आपल्या लोकांनाही हे चित्र अनोळखी नाही.

बाजारपेठेचे उत्तर तयार असते : महागडे यंत्र घ्या. २०१४ च्या नाताळात काय झाले ते आठवून पाहा. सकाळी भेटी उघडल्या आणि प्लेस्टेशन व एक्सबॉक्स या दोन्हींच्या ऑनलाइन सेवा हल्लेखोरांनी बंद पाडल्या. हजारो रुपये मोजून आणलेले यंत्र, आणि पोर पडद्याकडे बघत बसलेले!

गरीब घरांत तर निराळीच गत. अमेरिकेत १९४७ पासून ‘टॉईज फॉर टॉट्स’ ही मोहीम गरीब मुलांसाठी खेळणी गोळा करते. अशा मोहिमांतून बाहुल्या आणि मोटारी भरपूर जमतात, कारण देणाऱ्याच्या डोळ्यांसमोर गोंडस लहान मूल असते. मिसरूड फुटलेल्या, उंच वाढलेल्या मुलाला भेट द्यावी असे फार थोड्यांच्या मनात येते. म्हणून किशोरवयीन मुलांसाठी वेगळे आवाहन करावे लागते.

मग द्यावे काय? माझ्या मते, जी वस्तू उघडल्याबरोबर संपत नाही ती. हजार तुकड्यांचे कोडे जेवणाच्या टेबलाच्या कडेला मांडून ठेवावे. पोर येता-जाता एक तुकडा बसवते, तिथेच काका येऊन उभा राहतो, आणि डोळ्याला डोळा न भिडवता बोलणे सुरू होते. या वयाला तेच सोयीचे. १७६० च्या दशकात लंडनच्या जॉन स्पिल्सबरी या नकाशे करणाऱ्याने लाकडावर नकाशा चिकटवून कापला, तो भूगोल शिकवण्यासाठी. शिकवण्याचे साधन पुढे करमणुकीचे झाले.

करमणुकीतून शिकवणाराही एक होऊन गेला, मायकेल फॅरडे. लोहाराचा मुलगा, चौदाव्या वर्षी पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवार. १८१२ साली एका गिऱ्हाइकाने त्याला हम्फ्री डेव्हीच्या व्याख्यानांची तिकिटे दिली. एवढीच भेट! त्याने टिपणे काढली, स्वतः बांधली आणि डेव्हीला पाठवली. रॉयल इन्स्टिट्यूशनचे दार उघडले ते त्यानंतर. तिथे १८२५ पासून नाताळात किशोरांसाठी व्याख्याने होतात. फॅरडेने ती १९ वेळा दिली आणि साध्या मेणबत्तीवर मुलांना खिळवून ठेवले. १९६६ पासून ती दूरचित्रवाणीवर दिसतात. (स्त्री व्याख्याती मात्र १९९४ साली प्रथम दिसली, सुसान ग्रीनफिल्ड. विज्ञानाच्या घरातही असा उशीर होतो.)

वसईत आणि गोव्यात पोरांना भेटीइतकेच कामही मिळते. नाताळचा गोठा उभारायचा, कंदील करायचे, मग दुसऱ्यांचे गोठे बघत हिंडायचे. बांबू, कागद आणि खळ यांत पोरे आठवडाभर अडकतात.

आता भरपूर खपणाऱ्या एका भेटीकडे येतो. मोनोपॉली. आपण ज्याला ‘नवा व्यापार’ म्हणून खेळलो, त्याचा मूळ पट. चार्ल्स डॅरो नावाच्या बेकार माणसाला मंदीत ही कल्पना सुचली, असे वर्षानुवर्षे सांगितले गेले. १९३४ च्या नाताळात फिलाडेल्फियाच्या दुकानांत त्याचा माल खपला, १९३५ साली पार्कर ब्रदर्स कंपनीने खेळ विकत घेतला आणि डॅरो लक्षाधीश झाला.

वस्तुस्थिती वेगळी आहे. हा खेळ लिझी मॅगी या लघुलेखिकेचा. ‘जमीनदाराचा खेळ’ या नावाचे पेटंट तिने ५ जानेवारी १९०४ ला मिळवले होते. बाई साधी नव्हती. १९०६ साली, बायकांना मिळणाऱ्या तुटपुंज्या पगारावर माणूस जगू शकत नाही हे दाखवण्यासाठी, तिने स्वतःला गुलाम म्हणून लिलावात काढल्याची जाहिरात दिली आणि देशभर खळबळ उडाली. जमीन सर्वांची, तिचे भाडे समाजाचे, हे हेन्री जॉर्जचे मत तिला मुलांच्या हातात द्यायचे होते. म्हणून नियम दोन प्रकारचे. एकात जमीन बळकावणारा बाकीच्यांना भिकेला लावतो. दुसऱ्यात भाडे सार्वजनिक खजिन्यात जाते, आणि सर्वांत कमी पैशांनी सुरुवात करणाऱ्याचे पैसे दुप्पट झाले की खेळ जिंकला जातो, सर्वांकडून. कंपनीने तिला ५०० डॉलर दिले आणि नफ्यातला वाटा काही दिला नाही. जगभर खपला तो पहिलाच प्रकार. राल्फ अन्स्पाक या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने ‘अँटी-मोनोपॉली’ नावाचा खेळ काढला, कंपनीबरोबर सुमारे दहा वर्षे खटला चालला, तेव्हा कुठे हा इतिहास कागदोपत्री बाहेर आला. मॅगी १९४८ सालीच वारली होती.

तेव्हा पट घरात असेलच तर नवे काही विकत घ्यायला नको. जेवण झाल्यावर एक डाव खोक्यावरच्या नियमांनी खेळावा, आणि ते नियम नीट पाळावेत. खेळाडूने जागा घेतली नाही तर तिचा लिलाव करायचा असतो. हा नियम लोक गाळतात आणि मग खेळ रात्रीपर्यंत रेंगाळतो म्हणून कुरकुरतात. दुसऱ्या डावात मधोमध एक डबा ठेवावा आणि जमिनीचे सगळे भाडे त्यात टाकावे. डब्यातून किती, कोणाला, कधी द्यायचे हे पोरांनाच ठरवू द्यावे. वाद होईल, आवाज चढतील. फोन तोवर बाजूला पडलेला असतो. बँकेचा हिशेब घरातल्या सर्वांत धुमसणाऱ्या पोराकडे सोपवावा.