चिन्ह-आव्यूहातील अल्प पक्षपात आणि त्याचे सीमावितरण

जड अणुकेंद्रांच्या ऊर्जापातळ्यांचा विचार करताना यूजीन विग्नर यांनी १९५५ साली एक साधा यादृच्छिक आव्यूह घेतला : तो सममित, कर्णावर शून्य, व अन्यत्र समान संभाव्यतेने +१ किंवा −१. आव्यूहाचा क्रम न मानून आयगेनमूल्यांना √न ने भागावे. न अनंताकडे जाऊ लागला म्हणजे त्यांचे वितरण −२ ते २ या अंतरालातील √(४ − य²)/२π या अर्धवर्तुळी घनतेकडे जाते. घटक दोनच मूल्ये घेतात. तरी सीमा संतत असते.

आता +१ ची संभाव्यता (१ + क/√न)/२ अशी किंचित वाढवू (क धन). √न ने भागल्यावर, कर्णावरील नगण्य फरक सोडता, मूळ धर्तीच्या आव्यूहात सर्व घटक क/न असलेला आव्यूह मिळविल्यासारखे होते. या दुसऱ्या आव्यूहाची कोटी १ असून त्याचे एकमेव शून्येतर आयगेनमूल्य क आहे. अशा बेरजेने कोणत्याही बिंदूच्या डावीकडील आयगेनमूल्यांची संख्या फार तर एकाने बदलते; म्हणून वितरणातील फरक १/न हून अधिक नसतो. सीमावितरणात पक्षपाताचा मागमूस उरत नाही.

महत्तम आयगेनमूल्याची स्थिती निराळी आहे. ते २ च्या पलीकडे राहावयाचे तर सीमेत (य − √(य² − ४))/२ = १/क हे समीकरण सुटले पाहिजे. डावी बाजू य = २ येथे १ असून पुढे शून्याकडे घटत जाते. यास्तव क > १ असेल तरच उत्तर मिळते, व ते य = क + १/क असे येते. एरवी महत्तम मूल्य २ कडेच जाते. मध्य स्थिर असता हे मूल्य अलग पडते, असे फ्युरेडी व कोमलोश यांनी १९८१ साली दाखविले. क/√न या प्रमाणातील पक्षपाताचा विचार फेराल व पेशे यांनी २००७ साली केला.

उदाहरणार्थ, न = १०,००० घेऊ. +१ ची संभाव्यता ०.५१ असल्यास क = २, आणि भागाकारापूर्वीचे महत्तम मूल्य २०० ऐवजी सुमारे २५० येते. ती ०.५०४ असल्यास क = ०.८, व ते २०० च्या आसपासच राहते. तथापि पक्षपात नष्ट झालेला नसतो : कर्णाच्या एका बाजूच्या सुमारे ५ कोटी घटकांची बेरीज ४ लाखांच्या जवळपास येते, आणि तिचे प्रमाण विचलन मात्र ७ हजारांच्या आसपास असते. परंतु काही ओळींची व त्याच क्रमांकांच्या स्तंभांची चिन्हे कोणी न सांगता उलटविली, तर ही बेरीज निरुपयोगी होते. आयगेनमूल्ये मात्र तीच राहतात. अशा वेळी क > १ असेल तरच महत्तम मूल्य पक्षपाताची साक्ष देते. म्हणून सीमावितरण अर्धवर्तुळी आढळले, एवढ्यावरून घटक निःपक्षपाती आहेत असा निष्कर्ष काढणे युक्त नव्हे.