साऊथ केन्सिंग्टनचा देवमासा आणि खानदेशचा रानपिंगळा

लंडनचं नॅचरल हिस्ट्री म्युझियम पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते एखादं भलंमोठं चर्च वाटतं. क्रॉमवेल रोडच्या बाजूचे उंच मनोरे, एकात एक शिरलेल्या कमानी, आत पाऊल टाकताच मान वर करायला लावणारं छत. हे सगळं ठरवून केलेलं आहे. ब्रिटिश म्युझियममधल्या निसर्गविषयक संग्रहाचे प्रमुख रिचर्ड ओवेन यांना त्या संग्रहासाठी स्वतंत्र वास्तू हवी होती आणि ती सृष्टीचं मंदिर वाटावी, असा त्यांचा आग्रह होता. आल्फ्रेड वॉटरहाउस या वास्तुविशारदाने ती उभारली आणि १८८१ साली ती लोकांसाठी खुली झाली. आतून-बाहेरून तिला टेराकोटाने, म्हणजे भाजलेल्या मातीने मढवलं आहे. लंडनच्या हवेत तेव्हा कोळशाची काजळी असे. तिच्यापुढे दगडापेक्षा ही भाजलेली माती जास्त टिकाव धरत होती.

संग्रहात आठ कोटी नमुने आहेत. दालनांत मांडलेला भाग त्यातला अगदी थोडा; पण तोही एका दिवसात पाहून होत नाही. तरी ‘आलोच आहोत तर सगळं बघू’ म्हणणारी कुटुंबं इथे रोज दिसतात आणि दुपारपर्यंत लहानथोर सगळ्यांचे पाय बोलायला लागतात. म्हणून मुलाबाळांना, आजी-आजोबांना घेऊन जाणार असाल तर घरी बसूनच तीन-चार गोष्टी ठरवा, त्यांच्यापाशी मनसोक्त थांबा आणि बाकीचं खुशाल सोडून द्या. मुंबईकरांनी जाण्याआधी मुलांना छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातला निसर्गविभाग जरूर दाखवावा. तिथे प्रश्न विचारायची सवय लागलेलं मूल लंडनमध्ये जास्त पाहतं.

आधी दिवस ठरवू. प्रवेश मोफत आहे, तरी वेळ ऑनलाइन राखून ठेवलेली बरी. खास प्रदर्शनांना मात्र तिकीट असतं. दारं सकाळी दहाला उघडतात, सहाला दहा मिनिटं असताना बंद होतात. डिसेंबरच्या २४, २५ आणि २६ तारखेला सुट्टी. आपल्याकडची मे महिन्याची सुट्टी इथे सोयीची पडते, कारण शेवटचा आठवडा सोडला तर तिथल्या शाळा तेव्हा चालू असतात. मधल्या वारी आणि सकाळी गेलात तर फिरायला मोकळं सापडतं. दिवाळीच्या सुट्टीचं मात्र जपून ठरवा. ऑक्टोबरच्या अखेरीस तिथल्या शाळांनाही आठवडाभर सुट्टी असते आणि त्या आठवड्यात निम्मं लंडन पोरांना घेऊन इथेच येतं की काय, असं वाटतं.

साऊथ केन्सिंग्टन स्टेशनला डिस्ट्रिक्ट, सर्कल आणि पिकॅडिली या तीन लाइनी येतात. तिथून भुयारी वाटेने पावसात न भिजता म्युझियमपाशी पोचता येतं. २०२४ साली आवारातल्या बागा नव्याने खुल्या झाल्या. भुयारातून वर येताच त्यांतली उत्क्रांतीची बाग लागते. डिप्लोडोकस या डायनासोरचा कांस्य सांगाडा तिथे उघड्यावर उभा आहे. बागेतल्या वाटेवर पायऱ्या नाहीत, त्यामुळे बाबागाडी किंवा व्हीलचेअर असेल तर हीच वाट धरा.

मुलं डायनासोरसाठीच आलेली असतात, तेव्हा आधी तेच उरकावं. दुपारी त्या दालनाची रांग लांबत जाते. आतला मान हलवणारा, गुरगुरणारा यांत्रिक टी-रेक्स तीन-चार वर्षांच्या मुलाला खरोखर घाबरवू शकतो, हे आधी सांगून ठेवा. याच दालनात मराठी आई-बाबांकडे सांगण्यासारखं काही असतं. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी डायनासोर संपले, त्याच काळात आपल्या दख्खनमध्ये लाव्हाचे थरावर थर पसरत होते. अशनीच्या आघाताबरोबर त्या ज्वालामुखींचा वाटा किती, यावर शास्त्रज्ञ अजून वाद घालतात. सह्याद्रीच्या कड्यांवर दिसणाऱ्या आडव्या पायऱ्या म्हणजे तेच थर. राजगड-हरिश्चंद्रगड चढलेल्या मुलाला हे सांगून पाहा.

मग मधल्या हिंट्झ हॉलमध्ये या आणि इथे घाई करू नका. छताखाली झेपावलेल्या पवित्र्यात टांगलेला सांगाडा निळ्या देवमाशाचा आहे. लांबी २५.२ मीटर. १८९१ साली आयर्लंडच्या वेक्सफर्ड बंदराजवळ वाळूच्या दांड्यावर अडकून ही मादी मेली. पुढे कित्येक वर्षं तिचा सांगाडा सस्तन प्राण्यांच्या दालनात होता. २०१७ साली तो या हॉलमध्ये आला आणि तिचं नाव ठेवलं गेलं ‘होप’. माणसाने निळा देवमासा जवळजवळ संपवला होता आणि १९६६ साली त्याला संरक्षण देऊन माणसानेच त्याला वाचवलं, म्हणून हे नाव. सांगाड्याच्या थेट खाली उभं राहून जबड्याच्या दोन कमानींकडे पाहा. त्या तोंडाचा आवाका कुठल्याच फोटोत मावत नाही.

मुलांना एक काम द्या. हॉलच्या कमानींवर टेराकोटाची माकडं चढताहेत, ती शोधायची. छतावर वनस्पती रंगवलेल्या आहेत, त्यांचे एकूण १६२ फलक. भिंतीवरच्या प्राण्यांतही एक योजना आहे: पूर्वेच्या बाजूला नामशेष झालेले, पश्चिमेला आजही जगणारे. मधल्या जिन्यावर डार्विनचा संगमरवरी पुतळा बसला आहे. ओवेन डार्विनच्या मताचे कट्टर विरोधक होते. १९२७ साली डार्विनला हलवून त्या जागी ओवेनचा पुतळा आणला गेला आणि २००९ साली डार्विन पुन्हा आपल्या जागी आले. अगदी वर, शेवटच्या जिन्यापाशी, कॅलिफोर्नियातल्या सिकोया वृक्षाच्या बुंध्याचा आडवा छेद आहे. १८९३ साली तोडला तेव्हा तो तेराशे वर्षांहून जुना होता. हे झाड रोपटं होतं तेव्हा दख्खनमध्ये बदामीच्या चालुक्यांचं राज्य नुकतं उभं राहत होतं. आजोबांनी नातवंडांना शतकं समजावून द्यायला याहून चांगली जागा नाही.

पक्ष्यांच्या दालनात पेंढा भरलेले पक्षी बघून मुलं विचारतात, मेलेले पक्षी जपून ठेवायचे कशाला? या प्रश्नाचं उत्तर महाराष्ट्रात आहे. रानपिंगळा हे घुबड विज्ञानाला पहिल्यांदा सांगितलं ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी, १८७३ साली. काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ते हेच. १८८५ साली मुंबईत काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरलं आणि त्याच वर्षी ह्यूम यांचा पक्ष्यांचा अफाट संग्रह सिमल्याहून या म्युझियमकडे रवाना झाला. खानदेशात नोकरीला असलेले जेम्स डेव्हिडसन यांनीही रानपिंगळ्याचे नमुने गोळा केले. १८८४ नंतर हा पक्षी खात्रीने कुणाच्याच दृष्टीस पडला नाही. रिचर्ड माइनर्ट्झहागेन या लष्करी अधिकाऱ्याकडे मात्र एक नमुना होता आणि तो आपण १९१४ साली गुजरातेत मिळवल्याचं ते सांगत. त्या पत्त्यावर शोध घेणाऱ्यांच्या हाती काही लागलं नाही. अखेर पामेला रासमुसेन यांनी जुने नमुने बारकाईने तपासले. कातडं भरण्याची, टाके घालण्याची पद्धत पाहिली आणि उलगडा झाला: तो नमुना डेव्हिडसनचाच, म्युझियममधून चोरलेला, नव्याने भरून त्याला खोटी चिठ्ठी लावली होती. मग खऱ्या चिठ्ठ्यांवरच्या जागा धरून त्या आणि त्यांचे सहकारी शोधाला निघाले आणि नोव्हेंबर १९९७मध्ये आजच्या नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळच्या जंगलात रानपिंगळा भरदिवसा झाडावर बसलेला सापडला, ११३ वर्षांनी. आज मेळघाटातही तो आहे.

मला या म्युझियमचं खरं मोल इथे दिसतं. चिठ्ठीवरचं गाव आणि तारीख खरी असेल, तर शंभर वर्षांपूर्वीचं कातडं आजच्या जंगलाचा रस्ता दाखवतं. दालनात फिरताना मुलांना प्राण्याइतकीच त्याच्याजवळची पाटीही वाचायला लावा. कुठे सापडला, कधी, कुणाला, हे तीन प्रश्न पुरतात.

जेवणासाठी आत उपाहारगृहं आहेत, पण महाग पडतात. घरून थेपले, पोळीभाजी नेली तरी चालतं आणि ऊन असेल तर बागेत बसता येतं. पलीकडे सायन्स म्युझियम आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम, दोन्ही मोफत. पण त्याच दिवशी तिकडे मुळीच वळू नका.

एक जास्तीचा दिवस हाताशी असेल तर तो याच म्युझियमच्या ट्रिंग इथल्या शाखेला द्या. युस्टन स्टेशनवरून गाडी मिळते. स्टेशन गावापासून दोन-तीन किलोमीटर दूर आहे, तेव्हा पुढच्या वाहनाची सोय आधी बघून ठेवा. वॉल्टर रॉथस्चाइल्ड या पक्षिवेड्या धनिकाने १८९२ साली खुलं केलेलं हे संग्रहालय आटोपशीर आहे, कपडे घातलेल्या पिसवाही तिथे भिंगातून दिसतात. म्युझियमचा पक्ष्यांचा अभ्याससंग्रह आता ट्रिंगलाच असतो. तो संशोधकांसाठी आहे, दालनांत मांडलेला नाही. पण हा संग्रह ज्या कपाटांत जपलाय ती याच आवारात आहेत, हे मुलांना तिथे उभं राहून सांगता येतं.