नावे तीन, गोळी एक

गेल्या पावसाळ्यात मला तापाने धरले. डॉक्टरांनी 650 मिलिग्रॅमची गोळी दिली, दिवसातून चार वेळा. सर्दीसाठी मेडिकलमधून मीच आणखी एक गोळी आणली, ती तीन वेळा. अंग मोडून येत होते, म्हणून कपाटात पडलेली कंबरदुखीची जुनी गोळी सकाळ-संध्याकाळ चालू होतीच. तिसऱ्या दिवशी रसायनशास्त्रात एम.एस्सी. करणारी माझी भाची भेटायला आली. तिने उशाशी पडलेल्या तिन्ही पट्ट्या उलट्या केल्या, मागची बारीक अक्षरे वाचली आणि वर्तमानपत्राच्या कडेला बेरीज मांडली. 2600 अधिक 1500 अधिक 650.

‘मामू, नावं तीन आहेत, औषध एकच. पॅरासिटामॉल. दिवसाला 4750 होतंय. मोठ्या माणसाला चोवीस तासांत 4000 ही शेवटची हद्द.’

ताप उतरवणारी साधी गोळी, तिला कसले घाबरायचे, असे मी म्हणालो. तिने उत्तर दिले नाही. रिक्षा बोलावली आणि मला रक्त तपासायला नेले. अहवालाची वाट पाहत बाकावर बसलो असताना तिने मला जे समजावले, ते आज तुम्हाला सांगतो. मी बी.ए. झालेला, कविता करणारा माणूस. तेव्हा रसायनशास्त्र माझ्या पायरीवरूनच सांगणार.

भाची म्हणाली, ऑक्सिजन हा अणू हावरा. कार्बनशी त्याचा दुहेरी बंध असला, की दोघांतले इलेक्ट्रॉन तो आपल्याकडे ओढून घेतो. शेजारचा कार्बन तुटीत येतो. आता या कार्बनच्या पलीकडे आणखी दोन कार्बन दुहेरी बंधाने जोडलेले असतील, तर तुटीतला कार्बन त्यांची इलेक्ट्रॉनची जोडी स्वतःकडे खेचतो. उसनवारी पुढे सरकते, आणि चणचण जाणवते ती साखळीच्या पार टोकाच्या कार्बनला. आपल्याकडे नाही का, घेणे एका घरचे असते आणि चूल तिसऱ्याच घरची विझते!

अशा वेळी जवळ जादा इलेक्ट्रॉन बाळगून असलेला कुणी पाहुणा आला, तर त्याला दोन दारे उघडी असतात. ऑक्सिजनला लागून असलेल्या कार्बनचे एक, आणि टोकाच्या कार्बनचे दुसरे. तो टोकाच्या दारी जाऊन चिकटला, तर त्या क्रियेला मराठीत संयुग्मित समावेशन म्हणता येईल. प्राध्यापक मंडळी सरळ ‘मायकेल अॅडिशन’ म्हणतात. गंधकाचा अणू असलेला पाहुणा बहुधा हेच टोकाचे दार पसंत करतो. गंधकाची ही आवड ध्यानात ठेवा, पुढची सारी गोष्ट तिच्यावरच आहे.

मायकेल म्हणजे आर्थर मायकेल, अमेरिकन रसायनतज्ज्ञ. त्यांनी 1887 साली या क्रियेवर निबंध प्रसिद्ध केला. बर्लिन, हायडेलबर्ग, पॅरिस अशा ठिकाणी मोठमोठ्या गुरूंच्या प्रयोगशाळांत ते राबले, पण रीतसर पदवी काही घेतली नाही. तरी टफ्ट्स आणि पुढे हार्वर्ड येथे प्राध्यापक झाले. पदवीवाल्यांच्या राज्यात हे ऐकून मला बरे वाटले, लपवत नाही.

आता पॅरासिटामॉलकडे येतो. गोळी पोटात गेली, की यकृत तिच्या बहुतेक भागाला साखरेचे किंवा गंधकाम्लाचे शेपूट जोडून लघवीवाटे बाहेर घालवते. थोडा भाग मात्र वेगळ्या वाटेने जातो. यकृतातली विकरे त्याचे इलेक्ट्रॉन काढून घेतात आणि ‘नॅपक्वी’ नावाचा पदार्थ तयार होतो. त्याच्या कड्याच्या एका टोकाला ऑक्सिजन, समोरच्या टोकाला नायट्रोजन. दोघेही ओढणारे, मधले कार्बन पुरते कंगाल. गंधकवाला कुणी दिसला रे दिसला, की चिकटलेच.

आपल्या पेशींत असा गंधकवाला पहारेकरी असतो, त्याचे नाव ग्लुटाथायोन. तीन अमिनो आम्लांचा छोटासा रेणू. त्यातल्या सिस्टीनजवळ गंधक असतो. नॅपक्वी येतो, ग्लुटाथायोनचा गंधक त्याच्या कार्बनला जाऊन चिकटतो, आणि जहाल पदार्थ निमूटपणे शरीराबाहेर पडतो. नेमाने घेतलेल्या गोळीत रोज हेच घडते, आपल्याला पत्ताही लागत नाही.

डोस फार झाला, की पहिल्या वाटेवर गर्दी होते, नॅपक्वी जास्त बनतो आणि पहारेकरी संपत जातात. नॅपक्वीला तर गंधक हवाच. मग तो यकृताच्या प्रथिनांमधल्या सिस्टीनला जाऊन चिकटतो. पेशी मरू लागतात. क्रिया तीच, दार तेच. ग्लुटाथायोन असताना जी वाचवत होती, तीच आता मारते. हे ऐकताना ताप असूनही मला घाम फुटला.

यातली सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे पहिला दिवस. थोडी मळमळ, एखादी उलटी, काहींना तेवढेही नाही. यकृताचे नुकसान अंगावर दिसू लागते ते दोन-तीन दिवसांनी. म्हणून जादा गोळ्या गेल्याचे कळले, मग त्या चुकून असोत की रागाच्या भरात, तर ‘बरा आहे की, बघू सकाळी’ असे म्हणू नये. त्याच घटकेला इस्पितळ गाठावे आणि पट्ट्या सोबत न्याव्यात. यावर उतारा आहे. अॅसिटिलसिस्टीन हे कफ पातळ करणारे जुने औषध शरीराला सिस्टीन पुरवते आणि त्यातून ग्लुटाथायोन पुन्हा बनते. 1970 च्या दशकात एडिंबरा येथे प्रेस्कॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते शिरेतून देऊन रुग्ण वाचवले. पहिल्या आठ तासांत दिले, तर त्याचा गुण सर्वांत चांगला. उशीर झाला तरी डॉक्टर ते देतात, पण मग खात्री कमी.

हीच क्रिया माणसाने मुद्दाम कामालाही लावली आहे. फुप्फुसाच्या एका प्रकारच्या कर्करोगावरचे ओसिमर्टिनिब हे औषध 2015 साली अमेरिकेत मान्य झाले. त्याच्या रेणूला तसाच एक तुटीतला कार्बन बसवलेला आहे. गाठीला वाढवणाऱ्या प्रथिनातला नेमका एक सिस्टीन गाठून तो कायमचा चिकटतो आणि प्रथिन बंद पाडतो. इतक्या गर्दीत तोच एक सिस्टीन कसा गाठायचा, हे ठरवण्यातच औषध घडवणाऱ्यांची खरी मेहनत. आणि घरात मोडका कप जोडायला आणतो तो झटपट चिकटणारा गोंद? बोटांवरचा ओलावा मिळाला, की त्याचे रेणू असेच एकामागून एक जोडले जातात. कपाआधी बोटेच का चिकटतात, ते मला पन्नाशी उलटल्यावर कळले.

अहवाल संध्याकाळी आला. यकृताचा एक आकडा थोडा वर होता. डॉक्टरांनी नीट विचारपूस केली, दोन गोळ्या बंद केल्या, एक ठेवली आणि आठवड्याने पुन्हा रक्त तपासले. तोवर आकडा खाली आला होता. जाण्याआधी भाचीने औषधांचा डबा पालथा केला आणि ज्या ज्या पट्टीत पॅरासिटामॉल होते, तिच्यावर जाड पेनने ‘पॅ’ लिहून ठेवले. अकरा पट्ट्यांपैकी पाचांवर ते अक्षर आहे.