माथेरानला घोड्यावर बसण्याआधी

माथेरानमध्ये मोटारींना बंदी आहे. गाडी दस्तुरी नाक्याला ठेवायची, पुढे पायी जा, मिनी ट्रेनने जा नाहीतर घोड्यावर. (१९०७ साली सुरू झालेली ही मिनी ट्रेन सर आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने बांधली, हे मुलांना जरूर सांगा.)

घोडा दिसला की मुलं हट्ट करणारच. बसू द्या, पण आधी रिकीब बघा. रिकीब म्हणजे आपली उर्दूतली रिकाबच. तिच्यात पायाचा पुढचा भागच हवा, टाच खाली. अख्खं पाऊल आत गेलं आणि स्वार पडला, तर पाय अडकतो आणि बिथरलेला घोडा त्याला फरफटत नेतो. म्हणून चप्पल नको, टाचेचा बूट घाला. लहान मुलांचे पाय पोचत नसतील तर पट्टा आखडून घ्यायला सांगा. बुरख्याचा घेर, ओढणी नीट आवरून घ्या. हेल्मेट मागून घ्या.

घोडेवाल्याला सांगायला संकोच कसला? "भाई, लगाम हातात धरून चालवतच न्या, पळवू नका." एका घोड्यावर दोघं नकोत. चढाला पुढे झुका, उताराला मागे. पावसात लाल माती निसरडी होते. तेव्हा शाळेच्या मुलांना आम्ही पायीच नेतो.

कोणते पॉइंट, किती वेळ, किती पैसे, हे आधीच ठरवा. घोडा लंगडत असेल, खोगिराखाली जखम दिसली, तर त्या बेजुबान जनावरावर बसू नका. सवारीची दुआ मुलांकडून घरीच पाठ करून घ्या. आणि उतरल्यावर घोड्याच्या मागून जायचं नाही, पुढूनच वळायचं.