उतारापासून आखलेला रस्ता

पुण्यातलं डेक्कन ते सिंहगडाचा माथा, अंतर सुमारे ३५ किलोमीटर. मोबाइलच्या नकाशावर ही एक निळी रेघ असते आणि सायकलगटातल्या तरुण मंडळींना ती पुरेशी वाटते. काकूंना वाटत नाही. काकू म्हणजे बँकेत नोकरी करणाऱ्या, पन्नाशी ओलांडलेल्या बाई. नवशिक्यांना घेऊन गडावर जायचं ठरलं की मार्ग आखायचं काम आपसूक त्यांच्याकडे येतं. “काकू, नकाशा तर अडीच तास दाखवतोय,” एक जण सांगतो. “नकाशाला धाप लागत नाही रे,” म्हणत त्या वही उघडतात.

वहीत पहिली नोंद असते ती शेवटाची. रविवारी सकाळी नऊनंतर घाटात चारचाकींची रांग लागायला सुरुवात होते. अरुंद रस्ता, वर चढणाऱ्या गाड्या, त्यांना ओलांडू पाहणाऱ्या दुचाकी आणि समोरून वेगात उतरणारा नवखा सायकलस्वार, हे एकत्र येऊ द्यायचं नाही. म्हणजे नऊच्या आत सगळे घाटाच्या पायथ्याशी, गोळेवाडीत परत हवेत. इथून काकू उलट मोजत जातात. वर अर्धा तास विसावा धरला तर माथ्यावर आठला पोचायचं. घाट सुमारे नऊ किलोमीटरचा. नवा माणूस तासाला सहा किलोमीटरने चढला तरी पुष्कळ, म्हणून गोळेवाडी साडेसहाला सोडायची. तिथवरचे पंचवीस-सव्वीस किलोमीटर रमतगमत पावणेदोन तासांचे. डेक्कनहून निघायची वेळ येते पहाटे पावणेपाच.

हिवाळ्यात पावणेपाचला मिट्ट काळोख असतो. त्यामुळे रस्त्याइतकाच दिव्यांचा विचार करावा लागतो. पुढचा पांढरा दिवा खड्डा दिसेल इतका प्रखर, मागचा लाल. मागचा दिवा नसेल तर माणूस कितीही दणकट असो, त्याला घरी पाठवतात. यावर रुसवेफुगवे होतात, पण काकू बधत नाहीत.

शहरातून बाहेर पडायला तीन वाटा. सिंहगड रस्ता सरळ धरला तर उड्डाणपूल लागतात; पहाटेच्या मोकळ्या पुलावर मोटारी सुसाट येतात आणि सायकलवाल्याला कडेला सरकायला जागा नसते. दुसरी वाट मुठेच्या उजव्या कालव्याच्या काठाने. दुचाकीवाले हिंगण्याच्या बाजूला ती गर्दी चुकवायला वापरतात, पण अंधारात तिथली भटकी कुत्री सायकलच्या मागे लागतात. तिसरी, म्हात्रे पुलापासून राजाराम पुलापर्यंतचा डीपी रस्ता. तो नदीच्या कडेने जातो, पहाटे शांत असतो आणि राजाराम पूल ओलांडला की सिंहगड रस्त्याला मिळतो. काकूंनी तिसरी वाट घेतली, पण पावसाळ्यापुरती तिच्यापुढे फुली मारली. खडकवासला धरणातून पाणी सोडलं की नदीकाठची पंचाईत होते. २५ जुलै २०२४ ला याच टापूतल्या एकतानगरीत घरांत पाणी शिरलं होतं.

नकाशात न दिसणाऱ्या गोष्टी टिपायला त्या आधी एकट्याच, सावकाश, तोच रस्ता करून येतात. हे बघण्यासारखं असतं. गटाराच्या जाळीपाशी त्या सायकलवरून उतरतात. जाळीचे गज रस्त्याला आडवे असले तर हरकत नाही. उभे, म्हणजे चाकाच्याच दिशेने असले, तर बारीक टायर त्या फटीत बसतो आणि माणूस हॅंडलवरून पुढे जातो. अशा जाळीच्या जवळची खूण वहीत येते: ‘पिवळं फाटक, दवाखान्याची पाटी, उजवीकडून काढणे.’ डांबराचा थर साईडपट्टीहून बोटभर उंच कुठे आहे, गतिरोधकावरचे पट्टे कुठे पुसलेत, मिक्सर आणि डंपर कुठल्या फाट्यावर वळतात, याच्याही नोंदी होतात. पुणे महापालिकेने २०१७ साली सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. तो कागदावर चांगलाच आहे, पण पहाटे पाचला उपयोगी पडते ती काकूंची वही.

नांदेड सिटी मागे पडली, किरकटवाडी गेली, की हवा बदलते. खडकवासल्याचं दगडी धरण १८७९ सालचं. विश्वेश्वरय्यांनी १९०३ मध्ये स्वतःहून उघडणारी दारं पहिल्यांदा बसवली ती इथेच. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं तेव्हा त्या लोंढ्यापुढे हे धरणही टिकलं नाही. आज दिसतं ते पुन्हा बांधलेलं. पहाटे इथल्या चौपाटीवर मक्याच्या कणसांच्या गाड्या नसतात, पाणी अगदी रस्त्यालगत आणि समोर गडावरचा दूरदर्शनचा मनोरा. देखणेपणाचे गुण द्यायचे तर ते या पट्ट्याला. संध्याकाळी मात्र इथे पाय ठेवायला जागा नसते, आणि म्हणून मार्गाच्या सौंदर्याबद्दल बोलताना काकू आधी घड्याळाकडे बघतात.

गोळेवाडीच्या वनखात्याच्या नाक्यापासून खरा चढ. नऊ किलोमीटरमध्ये सुमारे सहाशे मीटर उंची, म्हणजे शंभर मीटर पुढे गेलं की साधारण साडेसहा मीटर वर. सरासरीने फसू नये. काही वळणांच्या आतल्या बाजूला चढ अंगावर येतो. पावसाळ्यात इथे दरडी कोसळतात, कधी घाटच बंद होतो. थरावर थर असलेल्या बेसॉल्टच्या फटींत पाणी मुरतं आणि दगड सुटतो. त्यामुळे जून ते सप्टेंबर काकूंची सहल पायथ्याजवळच्या डोणज्यातूनच मागे फिरते. गाड्यांची गर्दी कमी करायला मे २०२२ मध्ये घाटात ई-बस सुरू झाल्या होत्या, त्या महिन्याभराच्या आत थांबल्या.

चढणाऱ्याला वाटतं की अवघड काम झालं. काकूंच्या हिशेबात ते आता सुरू होतं. सायकल धरून ८० किलोचा माणूस सहाशे मीटर खाली आला की जी ऊर्जा मोकळी होते, तिच्यात सव्वा लिटरहून अधिक पाणी उकळीला येईल. त्यातली थोडी वारा खातो, उरलेली ब्रेकमध्ये जाते. साध्या रिम ब्रेकच्या सायकलवर ब्रेक सतत दाबून ठेवला तर रिम इतकी तापते की आतली ट्यूब फुटू शकते. म्हणून वर निघण्याआधी काकू प्रत्येकाच्या ब्रेकच्या रबरावर अंगठ्याचं नख फिरवतात. खाचा लागल्या तर ठीक. गुळगुळीत लागलं तर तो गडी आज गोळेवाडीच्या पुढे येत नाही. उतरताना वेग वळणाआधी कमी करायचा, वळणात ब्रेक मोकळे, पुढच्या माणसापासून दोन विजेच्या खांबांचं अंतर. वळणावर पसरलेल्या बारीक खडीवर सायकल वाकवायची नाही. खाऊची पिशवी हॅंडलला लटकवायची नाही, माकडं घाटात टपून असतात.

“आल्या वाटेनेच परत? कोंढणपूरकडून उतरलो तर गोल फेरी होईल की,” कोणीतरी दरवेळी सुचवतं. सूचना वाईट नाही. घाटातल्या कोंढणपूर फाट्यावरून पलीकडे उतरणारा रस्ता सुरेख आहे, झाडी आहे, वाहनं कमी. पण तो जाऊन मिळतो खेड शिवापूरला, सातारा महामार्गावर. तिथे थकलेल्या पायांनी ट्रक-बसच्या कडेने यायचं, मग जुना कात्रज घाट चढायचा. सरावलेल्यांनी खुशाल जावं. नवख्यांच्या यादीत काकू ती फेरी घालत नाहीत.

शनिवारी रात्री गटावर संदेश येतो. पावणेपाच, दिवे तपासून. दोन बाटल्या पाणी, एक जादा ट्यूब. सकाळी सव्वासातपर्यंत जो कोंढणपूर फाटा ओलांडणार नाही त्याने तिथूनच फिरायचं, वाद घालायचा नाही. पुढच्या मिनिटाला पहिला प्रश्न येतो: पिठलं-भाकरी वर खायची ना?

“वर फक्त दही,” काकू लिहितात. “पिठलं खाली, डोणज्यात. भरल्या पोटाने घाट उतरायचा नाही.”